मागच्या बागेची वाट शेजाऱ्यांच्या बोळीतून : बयाणा द्यावा का?

परसबागवाली
नमस्कार मंडळी. सात-आठ महिने घरं बघून झाली आणि शेवटी नागपुरात त्रिमूर्तीनगरकडे एक जुनं घर मनात भरलं. खाली तीन खोल्या, वर एक खोली आणि गच्ची. पण जीव अडकला तो मागच्या आवारात. पाचेकशे चौरस फूट उघडी माती, लिंबाचं झाड, कडीपत्ता, एक संत्र्याचं कलम आणि कोपऱ्यात तुळशीवृंदावन. अकरा वर्षं फ्लॅटच्या गॅलरीत कुंड्यांवर भागवलंय, त्यामुळे माझं काय झालं असेल ते झाडं लावणाऱ्यांना कळेल.

अडचण ही की घरातून मागे जायला दारच नाही. मालकांनी पूर्वी मागचं दार बुजवून तिथे न्हाणीघर काढलं. आता मागे जायचं तर आधी रस्त्यावर यायचं, शेजाऱ्यांच्या फाटकातून आत शिरायचं, त्यांच्या भिंतीकडेच्या चार फुटी बोळीतून मागे जायचं आणि तिथे एक छोटं लोखंडी दार लागतं. ते उघडलं की आपलं आवार. आपल्या स्वतःच्या बाजूला जेमतेम दीड फुटाची फट आहे, तीही पाइपांनी भरलेली.

मालक म्हणतात, "तीस वर्षं आम्ही इथूनच जातो. आम्हाला कुणी अडवलं नाही, तुम्हालाही अडवणार नाहीत." दलालही तेच म्हणतो. शनिवारी बयाणा द्यायचं ठरतंय. ही वाट घराबरोबर आपल्याकडे येते का? बयाण्याआधी काय काय बघून घेऊ?

उमरेड_रोड
शनिवार सोडा. आधी कागद.

हुडकेश्वरचा_भाऊ
ताई, माझं ऐका. मी २००९ मध्ये हुडकेश्वरकडे दीड हजार फुटाचा प्लॉट घेतला. लेआउटवाल्याच्या नकाशात समोर तीस फुटी रस्ता. रजिस्ट्रीतल्या चतुःसीमेतही "पश्चिमेस लेआउट रोड" असं लिहून दिलेलं. घर बांधलं, राहायला गेलो. चार वर्षांनी एका सकाळी बाहेर येऊन पाहतो तर रस्त्याच्या तोंडाशी तारेचं कुंपण! मेन रोडपासून आमच्या लेआउटपर्यंतचा दीडशे फुटांचा तुकडा दुसऱ्याच खसऱ्यात, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीच्या सर्व्हे नंबरात होता. त्या शेतमालकाने लेआउटवाल्याला तोंडी जाऊ दिलं होतं. दोघांचं बिनसलं आणि आम्ही मधल्यामध्ये अडकलो. पोरीला शाळेत सोडायला बांधावरून स्कूटर ढकलत नेत होतो, आणि पावसाळ्यात इकडची काळी माती चाकात कशी बसते ते तुम्हाला सांगायला नको. शेवटी चौदा घरांनी वर्गणी काढून तो तुकडा विकत घेतला.

म्हणून सांगून राहिलो, लेआउटच्या आतला रस्ता सगळेच बघतात. तिथपर्यंतचा पोच रस्ता कोणाच्या खसऱ्यातून जातो तेही बघा.

सदरकर
इतकं घाबरायचं कारण नाही असं मला वाटतं. वीस वर्षं सलग वापर असला की वहिवाटीचा हक्क लागतो. इथे तर तीस झाली. शेजारी आता अडवूच शकत नाहीत. घेऊन टाका.

निवृत्त_भूकरमापक
घेऊन टाका असं लगेच म्हणू नका. ताई, मला आधी एवढं सांगा. त्या लोखंडी दाराला कुलूप आहे का? असेल तर कुठल्या बाजूने, आणि किल्ली कोणाकडे असते? बोळीत फरशी कोणी टाकली? दोन्ही प्लॉट पूर्वी एकाच मालकाचे होते का?

पस्तीस वर्षं लोकांच्या हद्दी मोजल्या. "आम्ही पहिल्यापासून इथूनच जातो" हे जवळजवळ प्रत्येक मोजणीत ऐकलं, आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजूंकडून ऐकलं.

परसबागवाली
काका, तुमचे प्रश्न वाचले आणि संध्याकाळी परत गेले. कुलूप बोळीच्या बाजूने आहे, पितळी. किल्ली शेजारच्या आजींकडे. त्यांच्या वऱ्हांड्यात मीटरच्या पेटीखाली खिळ्याला टांगलेली असते, लाल दोरा बांधून. मालकांनी मला बाग दाखवायला नेलं तेव्हा आधी हाक मारली होती, "काकू, किल्ली घेतो हं." आजी आतून म्हणाल्या, "घे, पण येताना लावून ये, कुत्रं शिरतं." तेव्हा मला ते फार घरोब्याचं वाटलं होतं.

फरशी आजींच्या यजमानांनी टाकलेली. प्लॉट पहिल्यापासून दोन वेगळ्या लोकांनी घेतलेले.

वकीलीण_सिव्हिल_लाइन्स
तुमचं उत्तर त्या लाल दोऱ्याच्या किल्लीत आहे.

१८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाचं कलम १५ वीस वर्षांचं बोलतं, हे सदरकरांचं बरोबर आहे. पण तो वापर उघड, शांततेने, खंड न पडता आणि मुख्य म्हणजे हक्क म्हणून केलेला असावा लागतो. विचारून केलेला वापर वीस काय, पन्नास वर्षं चालला तरी त्याचा हक्क होत नाही. तुमचे मालक दर वेळी किल्ली मागून घेतात, म्हणजे दर वेळी परवानगी घेतात. कायद्यात याला कलम ५२ खालचा परवाना म्हणतात, बोलीत लायसन्स.

खरेदीदाराला या दोहोंतला फरक फार महाग पडतो. हक्क घराला चिकटलेला असतो, घर विकलं की कलम १९ प्रमाणे नव्या मालकाबरोबर जातो. परवाना माणसाला दिलेला असतो. मालकांचा परवाना तुमच्याकडे येत नाही. आणि आजींचं घर उद्या दुसऱ्याने घेतलं, तर कलम ५९ प्रमाणे तो घेणारा या परवान्याला बांधील नाही.

बरं, वीस वर्षं भरली की कुणी आपोआप कागद देत नाही. शेजाऱ्याने वाट बंद केली तर दिवाणी न्यायालयात जाऊन सिद्ध करावं लागतं, आणि तो वापर दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत येऊन पोचलेला असावा लागतो. सरकारी जमिनीवरून वाट असेल तर वीसच्या जागी तीस वर्षं. गरजेचा हक्क कलम १३ मध्ये आहे. एकाच मालकाच्या जमिनीचे तुकडे झाले आणि एका तुकड्याला दुसरी वाटच उरली नाही, तर तो लागतो. इथे प्लॉट मुळातच वेगळे, आणि घरातून दार काढता येतं. गैरसोय झाली म्हणून कोर्ट तिला गरज मानत नाही.

आणखी एक सांगावंसं वाटतं. हा कायदा मुंबईच्या आधी आपल्याकडे आला. १८८२ मध्ये तो मद्रास, मध्य प्रांत आणि कूर्ग इथे लागू झाला, मुंबई इलाख्यात १८९१ मध्ये. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी. बोळींची भांडणं आपल्या शहराला नवी नाहीत.

सदरकर
परवानगीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. माझा सल्ला मागे घेतो. पण एक शंका. ती चार फुटी बोळ म्हणजे शेजाऱ्यांचं साइड मार्जिन, म्हणजे घराच्या बाजूला मोकळी सोडायची जागा असणार. तिथे त्यांना बांधकाम करताच येणार नाही. मग वाट बंद कशी होईल?

नकाशे_काढणारी
बांधकाम करता येत नाही ही गोष्ट वेगळी आणि तुम्हाला जाऊ द्यावंच लागतं ही वेगळी. मार्जिन मोकळं ठेवायचं ते उजेड, हवा आणि आग लागली तर माणूस फिरावा म्हणून. जमीन त्यांचीच राहते. त्यांनी पुढच्या फाटकाला कुलूप घातलं की संपलं, एक वीटही लावावी लागत नाही.

उलट मी तुमच्या मालकांना विचारेन की न्हाणीघर मंजूर नकाशात आहे का. मागचं दार बुजवून काढलेली खोली मागच्या मार्जिनमध्ये गेली असेल, तर वाटेच्या आधी तोच प्रश्न उभा राहील. मंजूर नकाशाची प्रत मागा. गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय छोटे तुकडे पाडून विकलेला प्लॉट असेल तर नियमितीकरणाचं पत्र, म्हणजे आपण ज्याला आरएल म्हणतो ते, आणि त्यासोबतचा नकाशा. आरएल दाखवतात आणि नकाशा घरी राहिला म्हणतात, असं फार वेळा पाहिलंय.

कूलरची_ताटी
मागे जाणं म्हणजे फक्त बाग नाही हो. आम्ही गोपालनगरला असंच घर घेतलं होतं. मागच्या खिडकीला कूलर. मार्च संपत आला की ताट्या (कूलरच्या गवती जाळ्या) बदलायच्या, पंपाची जाळी साफ करायची, आणि पंचेचाळीस डिग्रीत दिवसाआड टाकीत पाणी सोडायचं. सगळं शेजारच्या आवारातून. पहिली दोन वर्षं ठीक चाललं. मग त्यांच्याकडे लग्न निघालं, त्यांनी बोळीत मांडवाचं सामान रचलं आणि ते चार महिने उचललं नाही. तो उन्हाळा आम्ही पुढच्या खोलीत सगळे एका ओळीत झोपून काढला. भांडलो नाही, कारण कशाच्या जोरावर भांडणार?

सेप्टिक टँक मागे आहे का तेही बघा. गाडीचा पाइप कुठून नेणार?

निवृत्त_भूकरमापक
ताटीवाल्या ताईंनी नेमकं सांगितलं. त्याला जोडून उलट बाजूचंही बघा. तुम्हाला दुसऱ्याच्या जागेतून जायचं आहे, तसं दुसऱ्याचं काही तुमच्या बागेतून जातंय का? आवारात गडर लाइनचे (सांडपाण्याच्या पाइपाचे) चेंबर किती आहेत ते मोजा. एक घर आणि दोन चेंबर दिसले तर दुसरा कोणाचा हे विचारा.

वकीलीण_सिव्हिल_लाइन्स
काकांनी फार चांगलं आठवण करून दिलं. शेजाऱ्याचा पाइप तुमच्या जमिनीतून नेण्याचा हक्क असेल, तर कलम २४ प्रमाणे तो दुरुस्त करायला आत येऊन खोदण्याचाही असतो. तुम्ही वर संत्र्याचं कलम लावलेलं असलं तरी.

मनीषनगरवासी
बागेचाच विषय आहे म्हणून माझंही लिहितो. आमच्या घरामागे लेआउटची ओपन स्पेस. आधीच्या मालकाने कंपाउंडला मागून फाटक पाडलेलं, थेट हिरवळीत उघडणारं. घर दाखवताना त्यांनी ते फाटक असं उघडलं की बायको तिथेच हो म्हणाली. सांगायची किंमतही त्या फाटकाची होती. तीन वर्षांनी ती मोकळी जागा ज्यांच्या ताब्यात होती त्यांनी उद्यान केलं आणि सगळीकडून भिंत घातली. आमचं फाटक भिंतीला टेकलं. अर्ज केले, पण मागचं फाटक कुठल्याच मंजूर नकाशात नव्हतं. आता दोन गल्ल्या वळसा घालून मुख्य दाराने जातो, ठरलेल्या वेळेत.

उद्यान झालं याचं वाईट वाटत नाही, मुलं खेळतात. पण फाटकाचे पैसे मी मोजले ते मोजलेच.

कळमेश्वरवाला
थोडं अवांतर होईल, पण फार्महाऊससाठी जमीन बघणाऱ्यांसाठी. गावनकाशात पांदण रस्ता (शेतांमधून जाणारी गाडीवाट) दाखवलाय का ते आधी बघा, आणि नुसत्या नकाशावर जाऊ नका, पायी चालून या. नकाशातल्या पांदणीवर कपाशी उभी असते. आपल्याकडच्या गावांचं वाजिब-उल-अर्ज नावाचं जुनं दप्तर असतं, त्यात खाजगी जमिनीतून जाण्यायेण्याच्या रूढी नोंदलेल्या असतात. लोक निस्तारपत्रक (गावाच्या सामाईक जमिनीच्या वापराची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज विसरूनच गेलेत, सातबारा बघितला की झालं. शेताच्या बांधावरून रस्ता हवा असेल तर महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो.

परसबागवाली
म्हणजे माझ्यासारख्यांनाही तहसीलदारांकडे जाता येईल का?

कळमेश्वरवाला
नाही ताई, ते शेतीसाठी. तुमचं घराचं प्रकरण दिवाणी कोर्टाचं.

महालातली_सून
आमच्या महाल भागातल्या वाड्याची विहीर तीन घरांची सामाईक. सासऱ्यांच्या आजोबांच्या खरेदीखतात चक्क एक ओळ आहे की विहिरीवर पाणी भरण्याचा आणि त्यासाठी दिंडीतून (वाड्याच्या छोट्या दारातून) जाण्यायेण्याचा हक्क दिला आहे. मधल्या घराचे मालक दोनदा बदलले, पण त्या एका ओळीमुळे कुणी दिंडी बंद करू शकलं नाही. जुने लोक लिहून ठेवत होते. तुमच्या मालकांच्या खरेदीखतात अशी ओळ आहे का, तेवढं शोधा. त्यांच्याच नव्हे, शेजारच्या आजींच्या खरेदीखतातही. वाट जर त्यांच्या जागेतून असेल तर ओळ तिथेही असायला हवी.

सावजीप्रेमी
सगळं नीट पार पडून घर झालं तर संत्री इथल्या सगळ्यांना. आंबिया बहराची चालतील, मृग बहरापर्यंत आम्ही थांबणार नाही.

उमरेड_रोड
आजींशी अजून काही बोलू नका. त्यांना कळलं की तुम्हाला वाटेची गरज आहे, की भाव वाढेल. आधी सौदा पक्का करा.

महालातली_सून
मला हे अजिबात पटलं नाही. ज्यांच्या शेजारी आयुष्य काढायचं त्यांना न विचारता सौदा पक्का करायचा? आणि गप्प राहून घेतलेल्या घराची वाट दुसऱ्या दिवशी बंद झाली तर भाव कोणाला विचारणार?

वकीलीण_सिव्हिल_लाइन्स
मीही विचारा असंच म्हणेन, आणि बयाण्याआधीच. आजी तयार असतील तर वाटेचा हक्क देणारा दस्त करा. बोळीची लांबी-रुंदी, पायी की गाडीने, कोणत्या वेळी, दुरुस्ती कोणी करायची, हे सगळं त्यात आणि सोबत नकाशा. तो दस्त नोंदणीकृतच हवा. साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून आणतात लोक, त्याचा कोर्टात निभाव लागत नाही. आणि सही घराच्या सगळ्या हिस्सेदारांची हवी, आखीव पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर जितकी नावं असतील तितक्यांची.

बँकेचं कर्ज मंजूर झालं म्हणजे सगळं तपासलं गेलं असं समजू नका. सर्च रिपोर्ट मालकी बघतो, बोजा बघतो. बागेत कसं जायचं हे तो बघत नाही. मालकांनाही लेखी विचारा. मिळकतीत साध्या तपासणीत न दिसणारा दोष असेल तर तो खरेदीदाराला सांगायची जबाबदारी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ ने विक्रेत्यावर टाकली आहे. पण बोळ तर डोळ्यांसमोर आहे. नंतर तुम्ही दिसलं नाही म्हणू शकणार नाही.

परसबागवाली
पाच दिवसांनी लिहितेय. बयाणा दिला नाही.

मालकांच्या १९९१ च्या विक्रीपत्राची प्रत काढली. चतुःसीमेत पूर्वेला फक्त शेजारचा प्लॉट नंबर. बोळीचा, वाटेचा, जाण्यायेण्याचा एक शब्द नाही. आजींकडे गेले. त्यांनी चहा केला आणि त्यांचंही विक्रीपत्र ट्रंकेतून काढून माझ्यासमोर ठेवलं. त्यातही काही नाही. मग मी सरळच विचारलं. त्या म्हणाल्या, "मी आहे तोवर ये-जा कर गं, तुला कोण नाही म्हणतंय. पण कागदावर सही पोराला विचारल्याशिवाय नाही करायची." मुलगा पुण्याला असतो आणि घर बिल्डरला द्यायचं त्याच्या मनात आहे, हेही त्यांनीच सांगितलं. मला त्यांचा फार आदर वाटला. लपवलं काहीच नाही.

मागे दोन चेंबर निघाले, काका. दुसरा मागच्या गल्लीतल्या घराचा. आमच्या मालकांना हे माहीत होतं, आणि मी विचारेपर्यंत ते बोलले नव्हते. त्या लाइनची जागा नकाशात दाखवून विक्रीपत्रात नमूद करायला ते आता तयार झालेत.

मी ठरवलंय की ती बोळ नाहीच असं धरून घराची किंमत करायची. मिस्त्रीला नेलं होतं. न्हाणीघर जिन्याखाली हलवून जुनं दार परत मोकळं करता येतं. भिंतीवर ठोकून बघितलं तर बुजवलेल्या दाराची चौकट अजून आत आहे. तो खर्च किमतीतून कमी करा असं मालकांना सांगितलं. अर्ध्यावर आलेत. न्हाणीघराला मंजुरी नव्हती हे नकाशे काढणाऱ्या ताईंच्या सांगण्यावरून विचारलं म्हणून कळलं, आणि त्यावरच ते नरमले. मोजणीचा अर्ज मालकांच्या नावानेच करावा लागतो, तो त्यांनी केला. 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा हद्दी दाखवणारा नकाशा हातात आल्याशिवाय बयाणा नाही, हे दोघांना मान्य आहे.

हुडकेश्वरचा_भाऊ
हे बेस्ट केलं ताई. आम्हाला चौदा घरांत मिळून इतकं सुचलं नव्हतं.

निवृत्त_भूकरमापक
मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि आजींनाही बोलवा. लगतच्या धारकांना नोटीस जातेच, पण तुम्ही घरी जाऊन सांगा. हद्दीच्या खुणा रोवल्या की त्याच दिवशी फोटो काढा, मागे भिंत किंवा झाड दिसेल असा. लिंबाचं झाड हद्दीपासून किती फुटांवर आहे?

परसबागवाली
मी दोरी धरून मोजलं, मालकांच्या भिंतीपासून सरळ रेषा धरली तर खोड सव्वा फूट आपल्या बाजूला येतं. पण फांद्या अर्ध्या आजींकडे आहेत, आणि त्यांचं लोणचं दरवर्षी त्याच लिंबांचं असतं. ते तसंच चालू राहील, असं मी त्यांना सांगून आले.